काटा मधेच आहे

परवा मुलाने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कूलंटच्या गोडसर वासाने मी सप्तापूरच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पोचले. ह्यांनी गाडीचा थर्मोस्टॅट आणि काट्याला तापमान कळवणारा सेन्सर घरीच बदलले होते. इंजिन सुरू ठेवून मी तापमानाचा काटा सांगत होते. माझ्या नणंदबाई, अक्का, हुबळीच्या दवाखान्याची वेळ चुकेल म्हणून पायरीवर घाबऱ्या झाल्या होत्या.

“कुठं आलाय काटा?” ह्यांनी बॉनेटमागून विचारलं.

लाल रेषेला टेकला होता. पण खरं सांगितलं तर हे पुन्हा सगळं खोलत बसतील.

“मधेच आहे की!”

हे वाकले आणि पाइप सुटून उकळतं पाणी ह्यांच्या मनगटावर आलं.

मी गार पाणी ओतत होते, तर म्हणाले, “नवा सेन्सरच खराब निघाला बघ.”

“हो ना,” मी म्हटलं.

तो डाग ह्यांच्या हातावर शेवटपर्यंत होता.