‘मना’ हे सर्वनाम आहे

बाईंनी फळ्यावर चार रकाने आखले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. म्हणाल्या, प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं आणि त्यातलं सर्वनाम ओळखायचं.

मी सहावीत होते. शाळा बदलापूरला, कात्रपमध्ये. माझा बाक शेवटून दुसरा. तो धडा मला समजला होता. नामाच्या जागी येतो तो शब्द. दर वेळी माणसाचं नाव घ्यायला नको, म्हणून केलेली सोय. मला ते आवडलं होतं. मी हात वर केला. त्या वर्षात पहिल्यांदा.

"मना आयनी भाकर दिली."

"सर्वनाम कोणतं?"

"मना."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "काय? परत सांग."

मी परत सांगितलं. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. पोट भरेपर्यंत हसू दिलं. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘मना’ लिहिलं आणि त्यावर फुली मारली.

"मना म्हणजे काय, माहीत आहे? मना म्हणजे बंदी. आपण ‘मला’ म्हणतो. तोंडातून ‘मला’ निघेपर्यंत तुला वर्गात बोलायला मना आहे. कळलं?"

आणि वर्गाकडे वळून, शांतपणे, शिकवल्यासारखं म्हणाल्या, "ही जे बोलली ना, ती भाषा नव्हे. ते नुसतं बोलणं. भाषेला व्याकरण असतं."

तास संपेपर्यंत फुली फळ्यावर होती. मी उभी होते.

माझं उत्तर बरोबर होतं. हे कळायला मला चौदा वर्षं लागली.

आमची वाडी बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. थोडी भातशेती, बाकी जंगल आणि मजुरी. बाप कात्रपला एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन लागला, म्हणून आम्ही खाली आलो. साइटच्या कुंपणाला लागून पत्र्याची खोली. आय त्याच साइटवर घमेली उचलायची. बिल्डिंग पुरी झाली की आम्ही पुढच्या बिल्डिंगला. शाळा तेवढी बदलली नाही.

‘मला’ म्हणायला मी दोन दिवसांत शिकले. अवघड नव्हतंच. अवघड होतं ते पुढचं. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी डोक्यात तपासायचं. पानी की पाणी? काला की काळा? तपासून होईपर्यंत विचारणारा पुढे गेलेला असायचा. मग मी वर्गात बोलणंच सोडलं. प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलं, ‘शांत मुलगी.’

पोरांनी माझं नाव ‘मना’ पाडलं होतं. ए मना, डबा दाखव. ए मना, सरक. दहावीपर्यंत तेच. दहावीला मी नापास झाले. गणितात पास, विज्ञानात पास, इंग्रजीतसुद्धा काठावर पास. मराठीत नापास. निकालाचा कागद हातात घेऊन लिपिक म्हणाला, "मराठीत? मराठीत कोण नापास होतं?"

पण मला सांगायचं आहे ते बाईंचं नाही. बाईंनी केलं ते केलं. मी काय केलं, ते सांगायचं आहे.

आठवीत पालकसभा होती. बापाला ड्यूटी. आय हजेरी बुडवून आली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. शाळेच्या फाटकात मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तू नको बोलू. काय इचारलं त नुसती मान हलव."

आयनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही, का. तिला कळलं होतं. ती गेली, बसली, मान हलवली, आली. बाई तिला म्हणाल्या, "तुम्हा लोकांना सवलती आहेत, फायदा घ्या जरा." आयनं मान हलवली.

ती मान तिनं नंतर कायमची तशीच ठेवली. दुकानात, रेशनला, बँकेत. माझ्याकडे बघायची. मी बोलायचे. बोलणं माझं काम झालं आणि गप्प राहणं तिचं. मला बरंच वाटायचं. लाज वाचायची.

मग बाप गेला. आम्ही दोघी अंबरनाथला आलो, बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत. एक दिवस आयच्या पोटात दुखायला लागलं. विठ्ठलवाडीला डॉक्टरकडे नेली. डॉक्टर चांगला माणूस. तिलाच विचारत होता. "आजी, कुठं दुखतं? कळ येते की जळजळतं?" आय माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "सांग ना." ती हळू म्हणाली, "तूच सांग."

मी काय सांगणार? पोट तिचं. डॉक्टर थांबला होता. आयच्या तोंडाला घाम आला होता आणि ती मान हलवत होती. मी अंदाजानं सांगितलं, जळजळतं. औषध जळजळीचं मिळालं. दुखणं पित्ताशयाच्या खड्यांचं होतं. ते अकरा दिवसांनी कळलं, ती जमिनीवर लोळायला लागली तेव्हा. ऑपरेशन झालं. वाचली. पण ते अकरा दिवस तिनं माझ्या एका वाक्यामुळं काढले. ते वाक्य मी शुद्ध मराठीत बोलले नव्हते. आमच्याच बोलीत बोलले होते. "तू नको बोलू."

त्या वेळी मी उल्हासनगरला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये कामाला होते. झाडू, पाणी, फळा पुसणं, झेरॉक्स आणणं. क्लास चालवणारे सर सिंधी. साठीचे, दम्याचे, जरा चिडके. दुपारच्या बॅचला जीन्सच्या दुकानांत, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली यायच्या. सर हिंदीतून इंग्रजी शिकवायचे, मध्येच सिंधी. मी दाराशी स्टुलावर बसून ऐकायचे. नाउन, प्रोनाउन, व्हर्ब. ऐकताना एकदा लक्षात आलं, हे तर तेच चार रकाने. इंग्रजांकडेही आहेत. त्यांच्याकडेही दर वेळी नाव घ्यायला नको म्हणून सोय केलेली आहे.

एक दिवस सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘मी’ म्हणजे मराठीतला नव्हे, इंग्रजीतला, एम-ई. त्याखाली हिंदीतला ‘मुझे’. त्याखाली सिंधीतला ‘मूंखे’. म्हणाले, "सब जगह एक ही काम. अपनी-अपनी भाषा में बताओ." एक मुलगी म्हणाली, "मला." सरांनी लिहिलं. एक गुजराती मुलगी म्हणाली, "मने." सरांनी लिहिलं.

कुणी हसलं नाही.

मने. मी स्टुलावर नीट बसले. तिचं मने, आमचं मना. एका काना-मात्रेचा फरक. तिचं फळ्यावर होतं, बाकीच्यांच्या ओळीत, आणि त्यावर फुली नव्हती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बता. तेरे गाँव में क्या बोलते हैं?"

मी म्हणाले, "वही, सर. मला."

खोटं बोलले. सवय होती.

बॅच सुटल्यावर मी फळा पुसायला घेतला. पुसला नाही. खडू उचलला आणि ‘मने’च्या खाली ‘मना’ लिहिलं. नुसतं बघायला, कसं दिसतं. सर पाठीमागे पाकिटात चष्मा ठेवत होते.

"ये क्या है?"

"कुछ नहीं, सर. गलती है."

"गलती कैसे? रोज़ यही बोलती है?"

"घर में. हाँ."

"कभी मना, कभी और कुछ?"

"नहीं. मना ही."

"तेरी माँ? पूरा गाँव?"

"सब."

"तो गलती कैसे हुई? सब लोग, रोज़, एक जैसा. इसी को नियम बोलते हैं. ‘तुझको’ को क्या बोलते हो?"

"तुना. हमको, आमाना. तुम लोगों को, तुमाना."

सर खोकले. "देख, लाइन से आ रहा है. यही ग्रामर है. बोर्ड साफ कर और पंखा बंद कर." आणि गेले. त्यांच्यासाठी ते तेवढंच होतं. मोठेपणा वगैरे काही नव्हता. विचारलं, सांगितलं, दम्याचा पंप घेतला, गेले.

मी रिकाम्या क्लासमध्ये बाकावर बसले. मना, तुना, आमाना, तुमाना. शाळेच्या मराठीत जिथं ‘ला’, तिथं आमच्या वाडीत ‘ना’. कधी चुकत नाही. कुणी पुस्तक लिहिलं नाही, कुणी छडी मारली नाही, तरी लहान पोरसुद्धा चुकत नाही. आम्हाला व्याकरण नाही, असं एका बाईनं सांगितलं आणि मी ते ऐकलं. ऐकून आयच्या तोंडावर हात ठेवला.

मला आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. नाही झाला. थकवा आला. एवढीशी गोष्ट. दोन मिनिटांत सांगून झाली. हिच्यासाठी एवढी वर्षं.

पुढे राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरून पुन्हा दहावी दिली. मराठीचा पेपर पाठ करून नाही, समजून लिहिला. पास झाले. त्या जोरावर अंबरनाथला एका खाजगी बालवर्गात मदतनीस लागले. पोरांना सांभाळायचं, डबा खाऊ घालायचा, रडलं तर घ्यायचं.

तिथं एक तीन वर्षांची पोर होती. फार रडायची. मांडीवर घेऊन मी बोलायचे ते आतून येईल तेच. आमच्या वाडीचं. पोर शांत व्हायची. तिसऱ्या महिन्यात तिची आई शाळेत आली. पोर घरी म्हणाली होती, "मना नाय पायजे."

बालवर्ग चालवणाऱ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. आवाज गोड. खुर्ची दिली.

"हे बघा, पर्सनल घेऊ नका. पेरेंट्स फी भरतात. मुलं घरी जाऊन पानी म्हणतात."

"मॅडम, हिंदीत पानीच म्हणतात. वर्गात हिंदीचं गाणं आहे, त्यात पानीच आहे."

"ते हिंदी आहे."

"आणि माझं?"

त्यावर त्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं. लहान मुलाला हसतात तसं. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘मी विद्यार्थ्यांशी फक्त शुद्ध मराठी अथवा इंग्रजीमध्ये बोलेन, अन्यथा बोलणार नाही.’ खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

मी तो दोनदा वाचला. पंखा फिरत होता. बाहेर पोरं डबा उघडत होती. मला आठवलं आयचं घामेजलेलं तोंड. मान हलवणारं.

"सही नाही करणार."

"का? यात चुकीचं काय आहे?"

"बोलणार नाही, हे चुकीचं आहे. ती पोर माझ्याकडे रडत आली तर मी आधी वाक्य तपासू का?"

"शुद्ध बोला, एवढंच म्हणतोय आम्ही."

"मॅडम, मी मुलांना पाणी शिकवीन. मला, तुला शिकवीन. ते त्यांना लागणार आहे, मला माहीत आहे. पण माझं अशुद्ध आहे असं लिहून देणार नाही. त्याला नियम आहे. सांगू का?"

"तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवणार?"

"विचारलंत तर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. कागद ओढून घेतला. "उद्यापासून येऊ नका."

मी पर्स घेतली. त्या पोरीला डबा भरवायचा राहिला होता. तिनं हात केला. मी थांबले नाही. थांबले असते तर सही केली असती. नोकरीची गरज होती. आताही आहे.

घरी येऊन आयला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सई केली आसती त मी तुज्याशी बोलली नसती." एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली.

आता मी एमआयडीसीत पॅकिंगला जाते. उभं राहून काम. पाय सुजतात. रविवारी आय आणि मी दोनशे पानी वही घेऊन बसतो. ती बोलते, मी लिहिते. नाम, सर्वनाम, क्रियापद. झाडांची नावं, माशांची, भाताच्या वाणांची. ती कधी दमते, म्हणते, "पुरे." कधी मी दमते. वही अर्धी झाली आहे. तिचं पुढे काय होईल, माहीत नाही. छापायला कोण घेणार?

या जूनला आमच्या वाडीतली सहा पोरं बदलापूरच्या शाळेत जाणार आहेत. त्यांच्या आया मला विचारायला आल्या होत्या, पोरांना काय शिकवून पाठवू. मी म्हणाले, काही नको. मी येते.

सुपरवायझरकडे सुट्टी मागितली आहे. नाही दिली तरी जाणार. वर्गशिक्षकांना एकदाच सांगणार. पोरांना तुमची भाषा शिकवा, मार्क तिच्यातच मिळतात, पुढे पोटही तिच्यावरच भरायचं आहे. पण एखाद्या पोराच्या शब्दावर फुली मारलीत, वर्गाला हसू दिलंत, तर मी त्या दारात येऊन बसेन. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खाडा पडला तर पडला. भांडायचा मला कंटाळा आहे, पाय दुखतात. तरी बसेन. आयलाही आणेन. या वेळी ती बोलेल.