नाना 'घे' म्हणाले

देवगाव रंगारीत कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी नानासाहेब सोनवण्यांना विचारायची रीत होती. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, जुनी जीप असो. नाना काचा खाली करून एक फेरी मारत. फेरीत कुणी बोलायचं नाही. परत आल्यावर ते एकच शब्द सांगत. 'घे', नाहीतर 'नको'. कारण विचारायची कुणाची टाप नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती आणि त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

निवृत्तीनंतर ते संभाजीनगरला, मयूर पार्कात मुलाकडे राहायला गेले. तिथं त्यांनी स्वतःसाठी पहिली गाडी घेतली. पांढरी, उंच, मधल्या आकाराची एसयूव्ही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पारखल्या, पण या गाडीची फेरी त्यांनी मारली नाही. शोरूममधल्या थंड हवेत बसून, चहा पिऊन, रंग बघून घेतली. हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्यात ती पहिल्यांदा बंद पडली. समोर पिवळा दिवा लागला, गाडीचा दम गेला, साठवरून वीसवर आली आणि थांबली. वर्कशॉपवाल्यांनी चार दिवस ठेवून घेतली. सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले. पुढच्या वेळी सेन्सर बदलला. मग वायरिंग. मग पुन्हा सॉफ्टवेअर. एकदा एक पार्ट 'वरून' यायचा होता, त्याला सव्वा महिना लागला. दर वेळी गाडी धुऊनपुसून परत मिळायची आणि जॉबकार्डावर लिहिलेलं असायचं, 'तपासणीत दोष आढळला नाही'. नाना ती जॉबकार्डं एका फोल्डरमध्ये घालत आणि फोल्डर कपाटात साड्यांच्या मागं सरकवून देत.

गाडी वर्कशॉपात असली की ते गावी एसटीनं जात. कुणी हटकलं तर हसत सांगत, महामंडळाचं मीठ खाल्लंय, मधूनमधून आपल्या गाडीत बसावं लागतं. लोकांना ते फार आवडायचं. आणि तुमची नवी गाडी? एक नंबर, नाना म्हणत.

त्यांची बायको, सत्यभामाबाई, चिडायच्या. खरं सांगितलं तर तुमचं काय झिजतं, असं विचारायच्या. नाना म्हणायचे, गाव मला गाड्यांतला माणूस म्हणतं. माझीच फसली हे कुठल्या तोंडानं सांगू?

दिवाळीआधी ते असेच एसटीतून उतरले. स्टँडवर माऊली भेटला. हा त्यांचा चुलत पुतण्या. अद्रक लावतो. त्या वर्षी माल चांगला निघाला होता. नानांच्या गाडीसारखीच गाडी बघून ठेवलीय, म्हणाला.

"घेऊ का, नाना?"

त्या दिवशी नानांची गाडी चिकलठाण्याच्या वर्कशॉपात बॉनेट उघडून उभी होती. पाचवी खेप. इथं स्टँडवर भोवती चार माणसं ऐकत होती. नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"घे," ते म्हणाले.

माऊलीनं घेतली.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्याच्या मुलीची, संस्कृतीची, नीटची परीक्षा होती. डॉक्टर व्हायचं म्हणून पोरीनं दोन वर्षं मान वर केली नव्हती. केंद्र शहरात होतं. दीड वाजता गेट बंद होणार होतं. बापलेक दहालाच निघाले. वेरूळ मागं पडलं आणि दौलताबादच्या अलीकडं घाटात पिवळा दिवा लागला. रविवारची गर्दी. गाड्यांच्या रांगा लागलेल्या, पण थांबायला कुणी तयार नाही. शेवटी एका टरबुजाच्या टेम्पोनं त्यांना घेतलं. पोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. संस्कृती बंद गेटासमोर हॉलतिकीट हातात धरून उभी राहिली.

ही बातमी नानांना फोनवर कळली. मधल्या काळात त्यांची गाडी आणखी दोनदा वर्कशॉपला जाऊन आली होती. त्यांनी ठरवलं, माऊली येईल, शिव्या देईल, आपण ऐकून घ्यायच्या.

आठ दिवसांनी माऊली आला. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

"नाना, तुमची गाडी कशी चालवता ते जरा दाखवा," तो म्हणाला. "वर्कशॉपवाले म्हणतेत, दुसऱ्या कुणाचीच तक्रार नाय, तुमच्याच चालवण्यात फॉल्ट हाये. व्हय बी असंल. म्या शिकलो पिकअपवर. दणादण गिअर टाकायची सवय. तुमची बघा, कशी लोण्यावानी चालती."

 मग माऊली म्हणाला, "संस्कृती बोलत नाय माझ्यासंगं. घाटातच म्हणली, नाना आजोबांची कधी बंद पडती का? पप्पा, तुम्हालाच येत नाय. तेवढंच. तवापासून गप्प हाये."

तेव्हाच कपाट उघडायला हवं होतं. नाना किल्ली घेऊन खाली उतरले. हर्सूलच्या रस्त्यानं त्यांनी गाडी नेली. त्या दिवशी ती नेमकी झकास चालली. माऊली वाकून त्यांच्या पायाकडं बघत होता. नानांनी त्याला क्लच कसा हलक्या पायानं सोडायचा ते सांगितलं. सांगताना त्यांचा आवाजही हलला नाही. आता कळलं, असं म्हणून माऊली पाया पडून गेला.

नाना वर आले तेव्हा सत्यभामाबाईंनी फोल्डर काढून त्यांच्या खुर्चीवर ठेवला होता. 

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना माऊलीच्या घरी जमिनीवर बसले. संस्कृतीला बाहेर बोलवा म्हणाले. ती आली, दाराला टेकून उभी राहिली. नानांनी सात जॉबकार्डं फरशीवर मांडली.

"माझी सात वेळा बंद पडली," ते माऊलीला म्हणाले. "मी तुला 'घे' म्हणालो त्या दिवशीसुद्धा ती वर्कशॉपातच होती. काल क्लच शिकवला, ते बी खोटं. तुझ्या पायात काही दोष नाही."

माऊलीनं पाचवं कार्ड उचललं. तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"कामून, नाना?"

"लाज वाटली."

माऊली कार्डाकडंच बघत होता. "नुसतं गप बसले असते तरी म्या समजलो असतो."

नानांनी उरलेली कार्डं त्याच्यापुढं सरकवली.

संस्कृती खाली बसली. तिनं कार्डं तारखेनुसार लावली, एकेकाचा फोटो काढला. तक्रारीला हे लागतील, असं ती म्हणाली, पण नानांकडं बघून नाही. मग तिनं वर पाहिलं.

"पप्पा, जेवले का तुम्ही?"

 माऊलीनं मान हलवली. नाही.

आत त्याच्या बायकोनं, सुरेखानं, दोन ताटं घेतली. मग जरा थांबून तिसरं घेतलं. ते थांबणं नानांना बाहेर ऐकू आलं. उठून निघून जाणं सोपं होतं. नाना बसून राहिले. ताट पुढं आलं, त्यांनी भाकरी मोडली. कुणी त्यांना वाढून घ्या म्हणालं नाही.