बेअरिंगचा आवाज

मोठा भाऊ गेल्यावर त्याचं सामान आवरताना लाकडी मुठीचा एक लांब पेचकस सापडला. मुठीवर दातांचे व्रण आहेत. वहिनीला वाटलं, उंदरानं कुरतडला असेल. मी तो पिशवीत घालून नागपुरात नंदनवनला, घरी घेऊन आलो.

ते व्रण भावाचेच आहेत. चाळिशीतच त्याचे कान गेले होते. चालू इंजिनच्या लोखंडावर तो पेचकसचं टोक टेकवायचा आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचा. "हाडातून ऐकू येते," म्हणायचा. पण ते गाडी उभी असताना. चालत्या गाडीत दात कुठे टेकवणार?

गाडी म्हणजे जुनी, पेट्रोलवरची पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा डाला. सरकारी खात्याच्या लिलावात त्यानं ती घेतली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य संपलेलं होतं. आम्ही मूळचे पारशिवनीकडचे. हंगामात तिकडच्या बागांतली संत्री तो नागपूरच्या बाजारात आणायचा. एरवी सिमेंट, कडबा, लग्नाची भांडी. पेट्या जास्त भरल्या की चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटायचा. एका हंगामात तीन तुटले. बॅटरी दर थंडीत मान टाकायची. क्लचची प्लेट दीड वर्षाच्या वर कधी टिकली नाही. रेडिएटर गळायला लागला की तो त्यात मूठभर हळद टाकायचा, आणि वहिनी म्हणायची, "घरात वरणाले हळद नाही, अन् गाडी पिवळं जेवून राहिली." एका दुरुस्तीचे पैसे फिटेपर्यंत दुसरी दारात उभी असायची. तरी भाऊ कधी वैतागला नाही. बिघाड लवकर कळला तर स्वस्तात जातो, हे त्याचं साधं शास्त्र होतं. आणि बिघाड कळायचा तो कानानं.

म्हणून कान गेल्याचं त्यानं लपवून ठेवलं. संत्र्याच्या व्यापाऱ्याला कळलं असतं तर माल मिळणं बंद झालं असतं. वहिनीला माहीत होतं आणि मला. मी शाळेत मास्तर. रविवारी आणि सुट्ट्यांत मी त्याच्या शेजारी बसायचो आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन गाडी काय म्हणते ते सांगायचो.

"कसा आवाज आहे गा?"

"किर्र. पाल बोलते तसा."

"पाल चुकचुक करते, मास्तर. किर्र करते तो रातकिडा. कोन शिकवते तुमच्या शाळेत? फॅनचा पट्टा ढिल्ला झाला, लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवायचो. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर आवाज आणि त्यांचे अर्थ. खरखर म्हणजे क्लच. बारीक शिट्टी म्हणजे गॅस्केट. वळताना टकटक म्हणजे चाकाचा सांधा. शेवटचा आवाज त्यानं हात धरून शिकवला. "दार लावलेल्या खोलीतून कोणी मुठीनं ठोकून राहिलं, तसा आला की समज बेअरिंग गेलं. तेव्हा इचार नाही करायचा. जागच्या जागी इंजन बंद. उभी केली तर बेअरिंगवर भागते. चालवली तर इंजनच जाते."

दसऱ्याला बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांना झेंडूचे हार घालत. आईवडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली त्या वर्षापासून आमच्या घरी ती पूजा बंद झाली होती. भाऊ आदल्या दिवशी गाडीखाली निजून एकेक सांधा पुसायचा आणि ग्रीस भरायचा. कोणी हाराचं विचारलं तर म्हणायचा, "हार दोन दिवस टिकते. ग्रीस सहा महिने." आणि दसऱ्याला गावातल्या म्हाताऱ्या बायकांना डाल्यात बसवून, एक पैसा न घेता, दीक्षाभूमीला घेऊन यायचा.

ज्या दसऱ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी कन्हानच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला होता. आम्ही पोचलो तेव्हा लोक परतायला लागले होते. आमची आत्या गर्दीच्या उलट चालत राहिली आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बसून रडली. त्याच थंडीत ती गेली. म्हणून या वर्षी भावानं साऱ्याजणींना शब्द दिला होता, यंदा ऊन असतानाच पोचवतो.

कन्हानचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळानं मला आवाज आला. मागे बायका गाणं म्हणत होत्या, टाळ्या वाजत होत्या, आणि पायाखालून कोणीतरी मुठीनं दार ठोकत होतं. मी नीट ऐकलं. चढ आला की जोरात, उतारावर कमी. वहीतलं पान डोळ्यांपुढे आलं.

भावानं मान वळवली. "काय गा? कसा आवाज आहे?"

मी त्याच्या कानाशी वाकलो. "बाया गाणं म्हणून राहिल्या," म्हणालो.

तो हसला आणि त्यानं गाडी पुढे नेली.

मी हे बायकांसाठी केलं असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. गाडी थांबवली असती तर त्या सगळ्या म्हाताऱ्या माझ्याकडे पाहत रस्त्यावर उभ्या राहिल्या असत्या, आणि ते मला नको होतं. शिवाय, आपली ऐकण्यात चूक झाली असेल, असंही मी ठरवून टाकलं.

ऊन असताना पोचलो. बायकांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवले. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा आवाज वाढला होता. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कामठी मागे पडली आणि खालून बार उडाल्यासारखा धडाका झाला. रस्त्यावर काळं तेल पसरलं. बायका गाठोडी घेऊन कडुनिंबाखाली बसल्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, पाहा ना गा पुस्तकात, काय झालं ते!" सगळ्या हसल्या. भाऊही हसला, त्याला ऐकू आलं नव्हतं तरी.

गाडी ट्रकला बांधून नागपूरला आणली. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत वर आला. बेअरिंग गेल्यानं आतला रॉड इंजिनची भिंत फोडून बाहेर आला होता. दुसरं इंजिन टाकायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च.

"हा आवाज कालपासून तरी आला असंल," मिस्त्री वैतागून ओरडला. "इतका जुना ड्रायव्हर तू, ऐकलं नाही काहून?"

बाकावर तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मी तोंड उघडलं. माझ्याआधी भाऊ बोलला.

"मले ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

बाकावरचे ड्रायव्हर कप खाली ठेवून त्याच्याकडे पाहू लागले. मी उघडलेलं तोंड मिटलं. तेव्हा बोलायला हवं होतं.

दिवाळीच्या आत बाजारात सगळ्यांना कळलं. पिकअप भंगारात गेली. दुसऱ्याची गाडी चालवायला मागितली तर कोणी दिली नाही. मग त्यानं घराजवळच सायकलींचे पंक्चर काढायचं दुकान टाकलं. त्या कामाला कान लागत नाहीत. ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडे दिसतात.

एका रविवारी संध्याकाळी मी तिथे बसलो होतो. घमेल्यातल्या पाण्याकडे पाहतच त्यानं विचारलं, "त्या दिवशी कोणतं गाणं म्हनत होत्या गा बाया?"

मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, कोणीतरी मुठीनं दार ठोकत होतं ते.

"कन्हानपासून?"

"हो."

त्यानं मान हलवली. "गिअरच्या दांड्यावर हात होता ना माझा," तो म्हणाला. "दांडा ठोके देऊन राहिला होता. हाताले समजत होतं."

हे खरं होतं, की मला हलकं वाटावं म्हणून तो म्हणाला, हे मी त्याला विचारू शकलो नाही. त्याच वेळी विचारायला हवं होतं. पण मी काही म्हणायच्या आत त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, आणि ती हळूहळू फिरवत, बुडबुडे कुठून येतात ते पाहू लागला.