शेठच्या घड्याळातला चंद्र

सुक्या बोंबलांचा वास आला की मला आयुष्यात हाताळलेलं सगळ्यात महागडं घड्याळ आठवतं. अंधेरीच्या दुकानात मी नवा कारागीर होतो. वार, महिना, लीप वर्ष, चंद्राच्या कला असं सगळं दाखवणारं ते दुर्मिळ घड्याळ मी जुळवायचं आणि संध्याकाळी ज्यांचं ते होतं ते शेठ नेणार. चुकलं की नोकरी गेली. जुळवलं, आणि मालकांची नजर चुकवून ते मनगटावर चढवून दारात सुके बोंबील विकायला बसणाऱ्या खारदांड्याच्या मावशीपुढे मिरवायला गेलो. निळ्या तबकडीतला सोन्याचा पूर्ण चंद्र बघून ती खदखदून हसली. “मेल्या, एकादशीला पुनव दाखवतोस? आज वद्य एकादशी, म्हणून तर सकाळपासून एक गिऱ्हाईक नाय माझ्याकडे!” धावत आत आलो, तर ज्यावरून मी चंद्र लावला ते भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षाचं, देवीच्या फोटोपायी मालकांनी काढलंच नव्हतं. घामाघूम होऊन चंद्राची कोर केली, तोच शेठ हजर. त्यांनी मोबाइल काढून आधी चंद्रच पडताळला. “वा! तीन दुकानं फिरलो, हा चंद्र कुणाला जमला नाही. कुठलं ॲप वापरता?” “खारदांड्याचं,” मी छाती फुगवून म्हणालो. तेव्हापासून अंधेरीतली असली घड्याळं माझ्याच टेबलावर येतात, आणि लोक जाणकार म्हणाले की मी गंभीरपणे मान डोलावतो.