परतीचं कलम

वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आमच्या दोघांच्या दुकानाच्या सामानाची यादी करत होतो. ती अर्धीच राहिली... आज पाच आठवडे दुकान बंद आहे. घरचे म्हणतात, एकट्याच्यानं होणार नाही, विकून टाका.

आम्ही दोघं उज्जैनच्या एकाच कचेरीत कारकून. मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला ठरली आणि बदल्यांचे हुकूम निघाले. वसंता म्हणाला, "नोकरी सोडू, तंबू शिवू." त्याला डोंगरांचा नाद, तंबूची पारख. मी त्या धंद्यासाठी सत्तावीस कलमांची यादी केली. ती वाचून तो म्हणाला, "यादीवाले, यात परतीचं कलम कुठंय?"

गढवालात एकदा शिखर चढायला निघण्याआधीच त्यानं ठरवलं होतं : दुपारी एकला जिथं असू तिथून मागे. एक वाजला तेव्हा माथा समोर होता. तो फिरला. उज्जैनला परतल्यावर टावर चौकातल्या चहावाल्यानं डिवचलं, "क्यों भैया, चोटी छुए बिना लौट आए?"

"लौटा, तभी तो तेरी चाय पी रहा हूँ!"

तंबूंसाठी त्यानं दसरा ठरवला : तोवर खपले नाहीत तर तंबू बंद. मी नाखुशीनं ते यादीच्या माथ्यावर लिहिलं. दसरा आला आणि तंबू तसेच पडून. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत बघू रे. नोकरी सोडून बसलोय, लोक हसतील."

"हसू देत. मागे फिरायची वेळ येते तेव्हा माणूस दमलेला असतो, डोकं चालत नाही. म्हणून ते आधी लिहायचं."

त्याच संध्याकाळी त्यानं कोरा तंबू कात्रीनं उभा कापला. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही...

त्या कापडाचे होल्डॉल झाले. आमची अर्धी फ्रीगंज वस्ती भोपाळला निघाली होती आणि प्रत्येकाला अंथरूण बांधायचं होतं. आमचे हेडक्लार्क दोन घेऊन गेले. "वा रे पठ्ठे! स्वतः इथंच, आणि आम्हाला बांधून पाठवताय!" वसंता इतका हसला की शिलाई वाकडी गेली. दुकान त्यावर उभं राहिलं, ते आजवर.

काल कुलूप काढलं. कापायच्या टेबलाला सुतळीनं बांधलेली त्याची पेन्सिल तशीच लोंबत होती. शेजारी माझी अर्धी यादी. तीच पेन्सिल घेतली आणि माथ्यावर लिहिलं : पुढचा दसरा.

त्याखाली उरलेलं सामान लिहायला घेतलं. जाडा दोरा, बक्कल, मेण.