पोळपाटावरचा अँटेना

मुलुंड स्टेशनबाहेर निळ्या ताडपत्रीखाली मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बसतो. परवा त्याच्यासमोरून जाताना तापलेल्या कथलाचा आणि राळेचा वास आला. राळेच्या वासानं कुणाला देवळाचा गाभारा आठवेल, कुणाला तिन्हीसांजेची धूपदाणी. मला सासुरवाडी आठवते. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच रेंगाळलो. "काय काका, स्क्रीन गेला काय?" त्यानं विचारलं. काही नाही म्हणून मी पुढे सरकलो. खरं उत्तर फार लांबचं होतं. ते सांगायला ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारपर्यंत मागे जावं लागलं असतं, आणि त्याच्यापुढे तर गिऱ्हाईक उभं होतं.

त्या रविवारी मी आणि बाबा जोगेश्वरीहून बस बदलत बदलत मुलुंडला मुलगी पाहायला गेलो होतो. मी शाळेत मराठी शिकवत होतो. बाबांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती आणि आई त्याच्याही आधी गेली होती. आमचं घर दोन पुरुषांचं. म्हणजे भांडी स्वच्छ आणि संभाषण मोजकं. मुलगी भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि 'रेडिओचं काहीतरी' करते, एवढीच माहिती आमच्याकडे होती. बाबांनी वाटेत दोनदा बजावलं होतं, की आपला ट्रान्झिस्टर बिघडलेला आहे हे तिथे बोलायचं नाही. लोकांना वाटेल दुरुस्तीसाठीच आलेत.

तिच्या आईनं दार उघडलं तेव्हा घरभर हाच राळेचा वास होता. पोहे आले, पाणी आलं, चहा आला. मुलगी काही येईना. "गच्चीवर आहे, येईलच," असं म्हणताना त्या माउलीचा चेहरा पार उतरला होता. बोलायला काही विषय उरला नाही तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "लपवून काय उपयोग? हिनं माझी माहेरची परात खाल्ली." बाबांचा घास हातात राहिला. मग उलगडा झाला. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी असते, तिच्यावरचं नको तेवढं तांबं उडवायला एक तपकिरी तेजाब लागतं. ते मुलीनं घरातल्या पितळी परातीत ओतलं, आणि त्या द्रावणानं पाटीबरोबर परातीचाही समाचार घेतला. मोरीची फरशी त्या दिवसापासून पिवळी ती पिवळीच. बाबांनी पोहे खाली ठेवले आणि आपल्या मालवणीत म्हणाले, "आमी वर जातो. बघूया तरी काय करता ती."

गच्चीच्या एका टोकाला उंच स्टुलावर पितळी नरसाळ्यासारखं काहीतरी बसवलेलं होतं. दुसऱ्या टोकाला तसंच एक स्टूल, त्यावर चक्क पोळपाट, आणि पोळपाटावर उभी केलेली तळहाताएवढी पाटी. पाटीच्या मधोमध काड्यापेटीएवढा तांब्याचा चौकोन आणि चौकोनाला एक बारीक चीर. आमच्याकडे पाठ करून एक मुलगी वाकून मीटरचा काटा पाहत होती. मला दिसली ती एक लांब वेणी, कोपराला लागलेला तपकिरी डाग, आणि पदर खोचलेली कंबर. मागे न पाहताच ती म्हणाली, "कोण आलंय ते खाली बसा."

"अगो बाय, मी खंय नडतंय?" बाबांनी विचारलं.

"काका, तुमच्या अंगावरून लहरी परत येतात. तुम्ही उभे आहात तोवर काटा खोटं बोलतो."

आपल्यामुळे कुणी खोटं बोलावं हे बाबांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. ते धुतलेलं धोतर सावरत पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उकिडवे बसले आणि मलाही त्यांनी बाहीला धरून खाली ओढलं. मुलगी पाहायला गेलेले आम्ही दोघे टाकीमागे दबा धरून बसलो होतो, आणि कुजबुजूनच बोलत होतो. लहरींना आवाजाचं काही नसतं हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

काम काय आहे ते तिनं पाठमोरीच सांगितलं. तारा न ओढता एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर टेलिफोनचं बोलणं पाठवतात, त्यासाठी कढईएवढ्या मोठ्या तबकड्या लागतात. त्या जागी अशा चपट्या चौकोनांची एक हलकी फळी लावता येईल, असं तिला वाटत होतं. चौकोन तर जगात इतरांनीही केले होते. चीर आणि तिची जागा हिची. नरसाळ्यातून लहरी सुटायच्या, चौकोन त्या झेलायचा. पोळपाट फिरवताना तो नरसाळ्याकडे तोंड करून असला की काटा चढायला हवा आणि पाठ फिरवली की पडायला हवा. चढत होता छान. पण पाठ फिरवल्यावर एका जागी पुन्हा उसळी मारत होता. मालकाला सोमवारी आकडे दाखवायचे होते. ते पटले नाहीत तर हा उद्योग बंद आणि हिची रवानगी खरेदी विभागात, स्क्रू आणि वॉशर मागवायला. मीटरही उसना आणलेला, सकाळी परत जाणार. म्हणून पाहुणे येणार हे माहीत असूनही ती खाली आली नव्हती.

मी आपला गच्चीवरचं वाळत घातलेलं एक अंजिरी लुगडं पाहत होतो. वारा आला की ते सावकाश फुगायचं आणि मावळायचं. फार सुंदर दिसत होतं. मी तर त्याच्यासाठी एखादी उपमा जुळवत होतो. तेवढ्यात तिनंही त्या लुगड्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, पुन्हा लुगड्याकडे.

"लुगडं हलतं तसा काटा हलतोय," ती हळूच म्हणाली. "माझी चीर बरोबर आहे. लहरी त्या ओल्या कपड्यांवरून आणि तारांवरून उलट येतायत."

कपडे आणि तारा तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या होत्या. मागे एकदा मावशींच्या कुरडया वाळायच्या होत्या त्या दिवशी हिनं गच्ची अडवली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आता कुठे ती माझ्याकडे वळली. चष्मा, कपाळावर घाम, आणि संकोचाचा मागमूस नाही. "मी सांगितलं तर त्या मुद्दाम आणखी एक बादली वाळत घालतील. तुम्ही पाहुणे आहात. तुम्ही जाल का?"

मी गेलो. मावशींनी दारातच माझी झडती घेतली: गाव कुठलं, नोकरी पक्की का, घर स्वतःचं का, वडील काय करतात. आवाज ऐकून शेजारच्या दोघी आल्या, आणि एक तर कणकेच्या हातानंच आली. मुलगी पाहायला येऊन मीच पाहिला जात होतो. सगळं विचारून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "तारा काढते रे, पण आधी सांग, मुलगी पसंत आहे ना? नसेल तर कशाला आमची मेहनत?"

मी तिला धड पाहिलंही नव्हतं. तिनं मला पाहिलं असेल ते निरोप्या म्हणून. पण वर सोमवार टांगणीला लागला होता. मी म्हणालो, "पसंत आहे."

त्यानंतर जे घडलं त्याला वरात म्हणायला हरकत नाही. मावशी, कणीकवाल्या, जिन्यात भेटलेल्या आणखी काही जणी, सगळ्या गच्चीवर आल्या. कपडे निघाले, तारा सोडल्या गेल्या. अंजिरी लुगड्याची घडी करता करता मावशींनी बोलणं बंद असल्याचं विसरून जाहीर केलं, "अगं ए, पसंत केलं तुला त्यानं."

ती पोळपाटावर वाकलेलीच होती. "बरं," ती म्हणाली. "आता जरा सगळ्या खाली बसा ना."

सगळ्या बसल्या. बाबा आधीच बसलेले होते. तिनं पोळपाट सावकाश फिरवला. काटा चढला, स्थिरावला, उतरू लागला. पाठ फिरली आणि तो पडला तो पडूनच राहिला. तिनं पोळपाट पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. तेव्हा ती हसली. काट्याकडे पाहून हसली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

नंतर ती रीतसर खाली आली, बाबांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "माझं उत्तर मी नंतर कळवते. आज डोक्यात जागा नाही." मग आठवडा गेला, दुसरा सरकू लागला. शाळेत मी समास शिकवताना विग्रहच करत सुटलो. बाबा रोज पोस्टमनची वाट पाहायचे आणि मला धीर द्यायचे, "चेडवान आपल्याक मापल्यान. आता आकडे जुळवता आसात." चेडू म्हणजे पोरगी. अखेर एका संध्याकाळी ती स्वतःच आमच्या दारात उभी राहिली. मालकानं आकडे मानले होते, पेटंटसाठी अर्ज करायचं ठरलं होतं. आणि हो, तिचाही होकार होता. ही बातमी तिनं दुसरी सांगितली.

अर्जावर मात्र गाडं अडलं. शोध लावणाऱ्याचं नाव काय लिहायचं? लग्न तोंडावर आलेलं. मालक म्हणाला, थांबा, नवं नाव घाला, नंतर भानगड नको. तिच्या आईलाही तेच शोभेलसं वाटलं. सासरच्यांना बरं वाटेल. ती गप्प होती, आणि तिचं गप्प बसणं मला तोवर ओळखता येऊ लागलं होतं. मी काही बोलायच्या आत बाबा तिच्या आईला म्हणाले, "परात तुमची खाल्ल्यान, मगे नाव आमचा कित्याक?"

कागदावर आधी मालकाचं नाव लागलं, कारण मालक तो मालक. त्याखाली तिचं, माहेरचं. रेशनकार्डावर पुढे ती आमच्या आडनावानं आली. दोन्ही कागदांवरची बाई एकच, हे सरकारला पटवताना मी बऱ्याच खिडक्यांपाशी उभा राहिलो, आणि दर वेळी मला उगाच ऐट वाटायची.

त्या चपट्या फळ्यांचं पुढे फार काही झालं नाही. थोड्या बनल्या, कुठल्याशा डोंगरांवर चढल्या, मग मालकाचा जीव दुसऱ्याच धंद्यात रमला. कारखान्याच्या जागी आता उंच इमारत आहे. ती दुसरीकडे गेली, मग शिकवू लागली. बाबा गेले; शेवटपर्यंत ते तिच्या कुठल्याही यंत्रासमोर आपणहून खाली बसत. आज हातातल्या फोनात तांब्याचे तसलेच चपटे तुकडे असतात असं ऐकून मी एकदा पाहुण्यांना म्हणालो, की ही हिचीच करामत. ती चिडली. म्हणाली, "अरे, जगात शंभर जणांना सुचलं होतं. त्यातली एक मी. एवढं पुरे की."

पेटंटची मुदत संपली तेव्हा मला चुटपुट लागली. आता कुणीही ते करू शकेल, कुणाला विचारायचीही गरज नाही. तिला वाईट वाटतं का, असं मी विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्या दिवशी गच्चीवर काटा पडून राहिला ना, तेव्हाच मला हवं ते सगळं मिळालं होतं."

त्या 'सगळं'मध्ये टाकीमागे बसलेला एक मास्तर धरलेला आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. इतकी वर्षं सोबत काढल्यावर काही मापं न घेतलेलीच बरी वाटतात. मी तिच्याजवळ बसलो आणि शेंगा सोलू लागलो.