आतोबांची माडीवर जाणारी खुर्ची

आमच्या आतोबांनी जमिनीवर पाय ठेवला तो केवळ नाइलाजाने, आणि त्याचा राग ते गेली कित्येक वर्षं घरातल्या वस्तूंवर काढताहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी विमान चालवलं. पुढे कान अधू झाला, विमान सुटलं आणि स्वारी एका पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायला बसली. निवृत्त होऊन तंजावूरच्या घरी आले ते पत्नी, एक मुलगा आणि अवजारांच्या सात पेट्या घेऊन. आता ऐंशी ओलांडली, पण पेट्या काही मिटल्या नाहीत.

बाजारात निघायचं तरी मोपेडजवळ उभं राहून विमानासारखी तपासणी. "पेट्रोल?" आतोबा गरजणार. "आहे," दारातून आत्या. "हवा?" "आहे." "पिशवी?" "आहे हो, जा आतां!" एकदा एवढं सगळं करून बाजारात पोचले आणि तसेच परत आले. काय आणायचं तेवढंच विचारायचं राहिलं होतं. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा त्यांनी केली, ती इतकी मंजुळ की शेजारच्या मामी रोज हात जोडून प्रसादाला यायच्या. आत्या बिचारी त्यांना केळं द्यायची. डोसा उलटणारं यंत्रही केलं. पहिला डोसा छताला चिकटला, तर हे वर बघून म्हणतात, "उड्डाण उत्तम. उतरण्याचं बघायला हवं." त्या डोशाचा डाग अजून आहे, आत्या पुसू देत नाही.

अशा माणसावर खरी वेळ आली ती आत्याच्या गुडघ्यांमुळे. देवघर माडीवर, वडगं म्हणजे सांडगे वाळवायची गच्चीही माडीवर, आणि आत्या दोन वर्षं खालीच अडकलेली. मुलगा चेन्नैला. तो म्हणाला, "अप्पा, घर विकूया. माझ्याकडे चला, तिथं लिफ्ट आहे." लिफ्टचं नाव काढताच आतोबांचं रक्त उसळलं. "पोंगलपर्यंत थांब. तुझी आई माडीवर गेली तर आम्ही इथंच. नाही गेली तर मुकाट्यानं येतो." मुलगा कबूल झाला. घराला गिऱ्हाईक ठरलेलंच होतं.

सहा महिने जिन्यावर ठोकाठोक चालली. जिन्याच्या कडेने लोखंडी रूळ, त्यावर चार चाकांची सागवानी खुर्ची, ओढायला जुन्या ग्राइंडरची मोटर. आत्याच्या वजनाचं भाताचं पोतं चाळीस वेळा माडीवर जाऊन आलं. पोंगलला मुलगा आला, मीही पापनाशमहून बस पकडून हजर झालो. आत्या रेशमी पट्टुसाडी नेसून खुर्चीत बसली. रुळाला झेंडूच्या माळा होत्या. आतोबांना त्या पसंत नव्हत्या, पण सणाच्या दिवशी कोण वाद घालणार?

"पट्टा?" "आहे." "ब्रेक?" "आहे." खुर्ची निघाली. दुसऱ्या पायरीला पच्च. चौथीला पच्च. सातव्या पायरीपाशी मोटर घुंई घुंई करायला लागली, चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि खुर्ची थांबली.

"तेल गळतंय!" आतोबा धावले, वाकले, वास घेतला. "लिंबू?"

"नव्या गाडीस लिंबू नको?" आत्या वरून म्हणाली. "चाकें चार, म्हणून चार लिंबें ठेविलीं माळेखालीं. तुम्हीं विचारिलें नाहीं, मी सांगितलें नाहीं."

मला हसू आवरेना, पण मुलगा हसला नाही. "अप्पा, बास आता," एवढंच म्हणाला. आतोबांचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच म्हातारे वाटले.

"सरी, सरी, बरें," आत्या म्हणाली. "घाई नको. पुसा सावकाश, मी बसतें."

आतोबांनी कमरेची धोतरासारखी वेष्टी आवरली, गुडघ्यांवर बसले आणि खांद्यावरच्या अंगवस्त्राने रूळ पुसायला घेतला. मग मुलगाही खाली बसला आणि दुसऱ्या बाजूचा रूळ पुसू लागला. मोटर पुन्हा सुरू झाली आणि आत्या माडीवर पोचली! मुलाने अंगणात जाऊन फोन केला आणि गिऱ्हाइकाला नकार कळवला.

रिकामी खुर्ची परत खाली आली आणि मी जिन्याने वर गेलो. आत्या देवापुढे दिवा लावत होती. म्हटलं, "आत्या, जिंकलात की तुम्ही!"

तिने खाली नजर टाकली. आतोबा मुलाला मोटर समजावून सांगण्यात गुंग होते. "मज चेन्नैस जायचें होतें रे," ती हळूच म्हणाली. "नातवंडें तिथें. तीं मोठीं होताहेत, मी फोनवर बघतें."

मी चाट पडलो. "मग बोलला का नाहीत?"

"अय्यो, कसें बोलूं? सहा महिने पहाटे उठून शीळ घालीत काम करीत होते हे. तिथें काय करतील? खिडकीपाशीं बसतील. वर्षभरांत आटपेल यांचें." तिने पदराने डोळे टिपले. "म्हटलें, मीच राहतें इथें."

"अगं, खुर्ची पाठवू का?" खालून आतोबांचा आवाज आला, विशीतल्या पोरासारखा.

"पाठवा," आत्या म्हणाली.